देवकापूस

"पप्पा, तुम्हाला झोप तर न्हाई ना येऊन राहिली?"

गाडीच्या बटणावर ठेवलेला व्यंकटचा अंगठा तिथंच राहिला. शाळेची वेळ, औसा रोडच्या आतली गल्ली, कुणाच्या तरी बंबाचा धूर थंडीनं खाली बसलेला. रोज ह्या वेळी ज्ञानेश्वरी दप्तर सावरत मागं बसायची, दोन्ही हात त्याच्या जर्किनच्या खिशात कोंबायची आणि शाळेचं फाटक येईपर्यंत तिच्या तोंडाला खळ नसायचा. आज पोरगी दाराशीच उभी. "झोप? आत्ता तर उठलो की," तो म्हणाला. "मग मी चालत जाते," ती म्हणाली, "जवळच तर हाय शाळा." घ्या! परवापर्यंत दूर होती आणि आज एकदम जवळ आली. व्यंकट हसला. वेळ मारून न्यायला बापलोकांना हसणं फार उपयोगी पडतं. पण हसता हसता त्याच्या ध्यानात आलं, की ती त्याच्या तोंडाकडं बघतच नाहीये. ती बघत होती शर्टाच्या गुंड्यांकडं. एकटक, चुलीवरच्या दुधाकडं बघावं तशी. मग तिनं स्वतःशीच मान हलवली आणि ती चालायला लागली. गल्लीच्या वळणावर थांबून तिनं एकदा मागं पाहिलं, तेव्हाही गुंड्यांकडंच. व्यंकटनं खाली बघितलं. गुंड्या सगळ्या नीट लागलेल्या होत्या.

सांगायला गेलं तर काहीच झालं नव्हतं. चौथीतली पोरगी एक दिवस चालत शाळेला गेली, एवढंच. पण सकाळपासून घरात सगळंच जरा सरकल्यासारखं होतं. बायकोनं, उज्वलानं, चहाचा कप ठेवला तो आवाज करून, आणि नेहमीसारखी समोर बसली नाही. अंघोळीला गेला तर डाव्या दंडावर बारीक बारीक काळेनिळे डाग दिसले. मुंग्या चावल्या असतील शेतात, म्हणून त्यानं साबण लावला. आरशात मिशी विंचरताना एक पांढरी तार हाताला लागली. पिकला म्हणायचा आणखी एक केस, असं म्हणून ओढली तर ती कापसाची निघाली. गादी फाटली असणार. माणसाला कारण लागतंच, आणि व्यंकटसारख्या शिकवणाऱ्या माणसाला तर उत्तर आधी आणि गणित नंतर सुचतं. तो गाडीवर बसला आणि क्लासकडं निघाला, पण जर्किनचे दोन्ही खिसे सगळ्या रस्त्यानं रिकामे रिकामे लागत राहिले.

काल येळवस होती, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. येळवसेला लातुरात चिटपाखरू सापडत नाही. दुकानं बंद, क्लास बंद; ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. व्यंकटचं गाव नांदेडकडचं, नायगावजवळचं, तिकडं त्याच्या लहानपणी ह्या सणाचं एवढं कौतुक नव्हतं. त्याला येळवस मिळाली ती बायकोबरोबर. निलंग्याच्या अलीकडं मेहुण्याचं, नरसिंगचं, शेत. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत चुना दिलेल्या पाच दगडांचे पांडव, त्यांच्यापुढं भज्जीची वाटी, बाजरीचे उंडे, आणि बिंदगीत, छोट्या मातीच्या घागरीत, आंबील. ही आंबील आदल्या दिवशीच कालवून ठेवतात, म्हणजे ती अंगाला लागते. एक तांब्या पोटात गेला की माणूस जागच्या जागी जडावतो. जेवणं झाली, नरसिंगनं शेताला फेरी मारली, आंबील शिंपडत ती कानडी आरोळी दिली. मागनं ज्ञानेश्वरीनंही दिली आणि सगळे हसले. इथपर्यंत सगळं लख्ख. मग नरसिंग जवळ येऊन हळूच म्हणाला, "दाजी, तुरीत चला की जरा." दरसालचंच ते. कमरेएवढ्या तुरीत, पिवळ्या फुलांच्या आणि शेंगांच्या वासात, दोघांनी बसायचं, बायकांना माहीत असतं पण माहीत नसल्यासारखं करायचं. तुरीत बसलेलं आठवतं. नरसिंगनं पेल्यात पाणी ओतलेलं आठवतं. पेल्यात एक तुरीचं फूल पडलं होतं, ते बोटानं काढून टाकलेलं आठवतं. आणि तिथून पुढं एकदम घरातलं छत, आणि पहाटेचा दूधवाल्याचा भोंगा.

मधलं नव्हतंच. पुसट नव्हतं, विसरल्यासारखंही नव्हतं. विसरलेल्याची निदान जागा तरी राहते. इथं काल दुपारच्या उन्हाला आज पहाटेचा अंधार सरळ शिवून टाकला होता. निलंग्याहून लातूरला तो आला कसा? नरसिंगच्या जीपमधून आला असणार. जिना चढला असणार. कपडे बदलले असणार, कारण अंगावर लेंगा होता. हे सगळं कुणी केलं? चौकात सिग्नलला उभा राहून व्यंकट स्वतःच्या हातांकडं बघत राहिला. हात त्याचेच होते आणि त्यांनी काल काहीतरी केलं होतं, जे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्ञाना काल दुपारी कुठं होती? हा प्रश्न आला आणि मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

दारूचं म्हणाल तर व्यंकट काही पिणारा नव्हता. येळवसेला, एखाद्या लग्नात, असा. आणि गोळीचं म्हणाल तर ती गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती. मागल्या उन्हाळ्यात, निकालाच्या आधी, फळ्यासमोर उभा असताना त्याच्या छातीत असं काही धडधडायला लागलं होतं की हातातला खडू पडला. श्वास पुरेना. गेलो, असंच वाटलं त्याला. आणि पोरांसमोर जायचं ह्याची लाजही वाटली, मरतानासुद्धा मास्तर मास्तरच. ईसीजीच्या पट्ट्या निघाल्या, सगळं साफ. डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे तुमचं. हे मनाचं घाबरं आहे." त्यांनी बारीक गोळी लिहून दिली, सकाळी एक, रात्री एक. म्हणाले, "ही अंगात रेंगाळते, सावकाश जाते. तेव्हा दारू अजिबात नाही. दोन्ही मिळून श्वासच मंद करतात, माणूस झोपेत जातो. आणि मनानं एकदम बंदही करायची नाही. दारू घेता का कधी?" व्यंकट म्हणाला, "न्हाई हो डॉक्टर, माळकऱ्याचं घर आमचं." आणि घरी सांगितलं, पित्ताची गोळी आहे. घाबऱ्यापेक्षा पित्त बरं. पित्ताला कुणी हसत नाही.

माळकऱ्याचं घर, हे मात्र खरं होतं. बाप सुदाम, गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला तोंडात पाणी नाही. आणि तालुक्याच्या बाजारादिवशी, किंवा उगाच एखाद्या संध्याकाळी, शिंदीच्या झाडाखाली जाऊन बसणारा. जायच्या आधी तो दाराशी थांबायचा, दोन्ही हातांनी माळ डोक्यावरून काढायचा, कपाळाला लावायचा, आणि दारामागच्या खुंटीला अडकवायचा. फार जपून, झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तसा. मग जायचा. सकाळी नदीवर डोक्यावरून पाणी घ्यायचा, येऊन माळ घालायचा, आणि पुन्हा देवासारखा गप्प. "माळ गळ्यात असताना थेंब घेतला न्हाई आजवर," असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि ते शंभर टक्के खरं होतं. आई, मंजुळाबाई, चुलीपुढनं म्हणायची, "माळ खुटीला टांगली. आन् जीव कुठं टांगून जाताव?" त्यावर बाप हसायचा. शाळेतून आला की व्यंकट दप्तर टाकायच्या आधी दारामागं बघायचा. खुंटी रिकामी असली, म्हणजे माळ गळ्यात, म्हणजे संध्याकाळ आपली. खुंटीवर माळ असली की तो पुस्तक घेऊन न बोलता कोपऱ्यात बसायचा. दार उघडताना पोटात गोळा यायचा तो पुढं कितीतरी वर्षं, हॉस्टेलच्या दारातसुद्धा, यायचाच. डॉक्टर म्हणाले घाबरं. ते काय मागल्या उन्हाळ्यातलं थोडंच होतं?

क्लासमध्ये आज रसायनातल्या अभिक्रियांच्या वेगाचा धडा होता. पोरं येळवस खाऊन सुस्तावलेली, पुढच्या बाकांवरच्या पोरी तेवढ्या ताठ. व्यंकटनं फळ्यावर उतरती रेघ काढली. हात सवयीनं चालत होता, तोंडही. "बघा, ठरलेल्या वेळात अर्धं जातं. मग तेवढ्याच वेळात, उरलेल्याचं अर्धं. मग त्या उरलेल्याचं अर्धं. ह्यालाच म्हणायचं अर्धायुष्य." पुढच्या बाकावर बुद्धप्रिया होती, देवणीकडची, फार प्रश्न विचारणारी. तिनं हात वर केला. "सर, मग सगळं कधी जातं?" दरसाली कुणीतरी विचारतंच हे, आणि व्यंकटचं उत्तर ठरलेलं असतं, त्यावर एक विनोदही ठरलेला असतो. तो म्हणाला, "सगळं..." आणि थांबला. रेघ खाली खाली जात होती, पण तळाला काही टेकत नव्हती. ती त्यानंच काढली होती. सतरा पिढ्यांना शिकवल्यासारखी रेघ, डोळे झाकून काढता येणारी. आणि परवा संध्याकाळी, कपाटाशी उभं राहून, हाच माणूस काय म्हणाला होता? उद्या येळवस. उद्या नरसिंग तुरीत चला म्हणणार. तर आज रात्रीची गोळी घ्यायची नाही, उद्या सकाळचीही नाही. म्हणजे डॉक्टरांचा शब्द राहिला आणि मेहुण्याचाही. गोळी काढून ठेवली. खुंटीला टांगली.

त्याच्या हातून खडू पडला नाही. ह्या वेळी त्यानं तो नीट खाली ठेवला. "सगळं न्हाई जात," तो म्हणाला. "लई वेळ राहतं आत. आपल्याला वाटतं, गेलं." बुद्धप्रियानं ते वहीत उतरवून घेतलं. पोरांना वाटलं सर दमलेत, आणि सरांनी क्लास लवकर सोडला तेव्हा त्यांना आनंदच झाला.

रिकाम्या वर्गात तो बाकावर बसला. खिडकीतून ऊन आत आलं होतं, बाकांवर पट्ट्या पट्ट्या पडल्या होत्या, आणि त्या पट्ट्यांकडं बघता बघता कालचा दिवस हळूहळू वर यायला लागला. सगळा नाही, गढूळ पाण्यातून तांब्या दिसावा एवढा. कडब्यातून येणारं ऊन. असंच, पट्ट्या पट्ट्यांचं. म्हणजे तो कोपीत होता. पाठीखाली सतरंजी, नाकात कडब्याचा गोड वास, पांडवांचा पांढरा चुना डोळ्यांच्या कडेला. त्याच्या आधी, तुरीतून उठताना, छातीत थोडं फडफडलं होतं. रात्रीची नाही, सकाळचीही गोळी नाही, फडफडणारच. आणि तेव्हा त्याला वाटलं होतं, फार शहाणपणाचं काहीतरी वाटलं होतं: बस झालं आता. प्यायचं झालं. आता घरी जायचंय, पोरगी बरोबर आहे, आता परत माळ घालावी. अगदी ह्याच शब्दांत. वरच्या खिशात पाकिटामागं गोळ्यांची नवी पट्टी होती. व्यंकटनं आत्ता खिशात हात घातला. जर्किन कालचंच होतं. पट्टी निघाली, आणि तिच्यातली एक नाही, दोन घरं फुटलेली होती. रात्रीची राहिलेली आणि सकाळची राहिलेली. बाप निदान नदीवर जाऊन यायचा. ह्यानं दारूच्या पेल्यातल्या उरलेल्या पाण्यानंच माळ घातली होती.

आणि मग ते बरं वाटणं. हे कुणाला सांगायचं? घाबरंघुबरं होऊन माणूस मरतो असं त्याला आजवर वाटायचं, मागल्या उन्हाळ्यात ते तसंच होतं. काल तसं काहीच नव्हतं. काल तो एका आडात हळूहळू उतरत होता, आणि आडात पाणी नव्हतं, ऊब होती. फळा नव्हता, निकाल नव्हता, दार नव्हतं, दारामागं खुंटी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा पोटातला गोळा नव्हता. श्वास घ्यायचंसुद्धा काम नव्हतं. कुणी मागितला तर देऊ, नाहीतर राहू दे. लांब वर, आडाच्या तोंडाशी, कुणीतरी "पप्पा" म्हणत होतं. त्याला ऐकू येत होतं. ओ द्यावी असं वाटलंही, पण आळस आला. तेवढ्यात ओठांवर पांढरं काहीतरी येऊन बसलं, फुलपाखरासारखं हलकं, आणि ते उडेना. त्याला गुदगुली झाली. त्याला त्या गुदगुलीचा राग आला. एवढंच, बस्स. रिकाम्या वर्गात व्यंकटनं पट्टी परत खिशात घातली. आपल्याला ओ द्यायचा आळस आला, हे वाक्य तो मनात पुन्हा पुन्हा म्हणत बसला.

घरी आला तेव्हा उज्वला गॅलरीत तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. व्यंकट चप्पल न काढताच उभा राहिला. "काल ज्ञाना कुठं होती दुपारी?" त्यानं विचारलं. उज्वलाचं सूप थांबलं.

"आज विचारून राहिलाव?" ती म्हणाली. "कोपीत होती. तुमच्यापाशी. आम्ही सगळे शेजारच्या शेतात आंबिलीला गेलो, बोलावणं आलं तर जावं लागतं की. तिला म्हणलं चल. न्हाई म्हणली, पप्पा झोपल्यात, मी बसते. मला वाटलं, बसू दे. हातातलं पुस्तक वाचत बसंल."

"मग?"

"मग काय? येऊन बघतो तर तुमच्या उशाशी बसलेली. हललेली न्हाई जागची. तोंड पांढरंफटक. म्या म्हणलं काय झालं गं, तर बोटानं गप म्हणली मला. हातात कापूस." उज्वलाचा आवाज इथं फाटला, पण ती थांबली नाही. "बांधावर वहिनीनं वातीसाठी देवकापसाचं झाड लावलंय ना, त्याचा. तुमच्या नाकापाशी धरून बसली होती. ती एवढीशी होती हो मामंजी गेले तवा. साखराबाईनं त्यांच्या नाकापाशी कापूस धरला, आन् म्हणल्या, हलत न्हाई, हे ह्या पोरीनं माझ्या कडेवरून बघितलेलं. मला काय माहीत तिच्या ध्यानात राहील म्हणून!"

व्यंकटला साखराबाईचा तो हात दिसला. हिरव्या बांगड्यांचा, शेजारच्या म्हातारीचा. बापाच्या गळ्यात तेव्हा माळ होती. खुंटी रिकामी होती आणि तरी कापूस हलत नव्हता. व्यंकटनं त्या दिवशी सवयीनं दारामागं पाहिलं होतं.

"काल अंथरुणात सांगितलं तिनं मला," उज्वला म्हणाली. "म्हणली, आई, मी पप्पाला हाका मारल्या. चिमटे घेतले दंडाला. उठंनात. ओठ जांभळे जांभळे झालते. मग कापूस आणला. तो हलंना. मग हलला. मग लई वेळ न्हाई हलला. म्या म्हणलं, येडे, वरडायचं की, पळत यायचं की आमच्याकडं! तर म्हणली, मी गेले असते आन् थांबला असता तर?" तिनं पदर तोंडाला लावला. "दारू काय पहिल्यांदा पिलाव का हो? दरसाली पिताव. नरसिंग पिला, तो नाचून राहिलता. तुम्हीच कसे असे मेल्यावाणी पडलाव? जीपमध्ये घातलं तवा मान टिकत न्हवती. नरसिंग म्हणला, दाजीला आंबील बाधली. मी पण तेच धरून बसले."

इथं सांगायचं होतं. पट्टी खिशात होती, बोटांना तिची धार लागत होती. मेला असता तर आंबिलीवर नाव गेलं असतं. दरवर्षी बायकोनं आपल्या माहेरच्या आंबिलीला दोष दिला असता, आणि पोरीनं आपल्या हातातल्या कापसाला. खरं कुणालाच कळलं नसतं, कारण खरं फक्त ह्या खिशात होतं. व्यंकटनं तोंड उघडलं. "दमलो होतो," तो म्हणाला. काय म्हणावं ह्या माणसाला! उज्वला त्याच्याकडं बघत राहिली, मग सूप घेऊन आत गेली.

तो बाहेरच्या खोलीत दिवाणावर आडवा झाला. झोप येत नव्हती, यायला नको होती. झोप ह्या शब्दाचीच त्याला भीती वाटत होती. छातीत फडफड सुरू झाली होती, जुनी, ओळखीची, आणि आज पहिल्यांदा त्याला ती बरी वाटली. चालू आहे म्हणायचं यंत्र. त्यानं डोळे मिटले. गल्लीत कुणी भंगारवाला ओरडत गेला. दुपार हळूहळू कलत होती, खिडकीचं ऊन पायांवरून सरकत गेलं असावं, कारण पाय गार पडले. शाळा सुटल्याचा गलका लांबून आला. मग जिन्यावर पावलं. त्यानं डोळे उघडायचं ठरवलं, आणि का कुणास ठाऊक, उघडले नाहीत.

दार हळूच उघडलं. एरवी ते धाडकन उघडायचं. दप्तर आपटलं नाही. कुणीतरी ते दोन्ही हातांनी खाली ठेवलं. मग काहीच नाही. ती दारातच थांबली होती. व्यंकटला न बघता कळलं ती कुठं बघत असेल, आणि सकाळच्या गुंड्यांचा अर्थ त्याला आत्ता, एवढ्या उशिरा लागला. ती गुंड्या बघत नव्हती. गुंड्या वर होतात का खाली, हे बघत होती. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी दारामागं बघणारं पोरगं त्याच्या आत एकदम उठून बसलं. म्हणजे हे असं पोचवायचं होतं तर. बापानं खुंटी दिली होती. ह्यानं आपल्या पोरीला स्वतःची छातीच खुंटी म्हणून दिली. आयुष्यभर घराचं दार उघडलं की तिनं आधी तिथं बघायचं, आणि मग ठरवायचं बोलायचं का गप्प बसायचं.

कंपासपेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. पावलं जवळ आली. तिच्या श्वासाला शाळेतल्या चिक्कीचा वास होता. आणि मग, वरच्या ओठावर, तेच. पांढरं, हलकं, न उडणारं. कालच्या आडात त्याला ज्याचा राग आला होता ते. व्यंकटनं श्वास सोडला. मुद्दाम, भरपूर, जमेल तेवढा लांब. कापूस हलला असावा. तिनं हात काढला नाही. त्यानं पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. जन्मात कुणाला कधी काही दिलं नसेल इतक्या काळजीनं तो ते एक एक देत होता, आणि ती मोजून घेतल्यासारखी घेत होती, आणि तिचं समाधान होत नव्हतं. एक चोरटा विचार आला, की असंच पडून राहावं, झोपल्याचं सोंग करावं, तिला खात्री पटली की ती जाईल. उद्या गाडीवर बसेल. सगळं पुन्हा जागच्या जागी. बापाची जपून टांगलेली माळ त्याला दिसली. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडं वाहत गेलं.

"पप्पा?"

"ओ," व्यंकट म्हणाला. त्यानं डोळे उघडले. "ओ, ज्ञाना. जागा हाय मी."

ती दचकली, आणि मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि ती रडायला लागली. काल कोपीत रडली नव्हती, जीपमध्ये रडली नव्हती, अंथरुणात आईला सांगताना रडली नव्हती. ते सगळं एकदम आलं. आवाज ऐकून उज्वला धावत बाहेर आली, हात पिठाचे. व्यंकट उठून बसला होता. पोरगी त्याच्या गुडघ्याशी उभी, पण त्यानं जवळ ओढायला हात पुढं केला तशी ती अर्धं पाऊल मागं सरली. ते अर्धं पाऊल त्याला काळजात लागलं.

त्यानं खिशातून पट्टी काढून दिवाणावर ठेवली. "उज्वला, ही पित्ताची न्हाई," तो म्हणाला. "घाबऱ्याची हाय. मागल्या उन्हाळ्यापासून घेतो. डॉक्टर म्हणले होते, दारूबरोबर घेतली तर माणूस झोपेत जातो. मला माहीत होतं. मी परवा रात्री सोडली, म्हणलं निघून जाईल अंगातून. आन् पिल्यावर दोन एकदम घेतल्या. आंबील न्हाई बाधली मला." उज्वला पिठाच्या हातांनी तशीच खाली बसली. तिच्या तोंडावर राग यायला हवा होता, तो यायला अजून अवकाश होता. "आत्ता जातो डॉक्टरकडं," व्यंकट म्हणाला. "तू चल संगं. त्यांनाबी खोटं सांगितलंय मी." मग तो पोरीकडं वळला. तिला काय सांगावं? रसायनशास्त्र सांगावं? "ज्ञाना, तू काल माझ्याजवळ बसलीस ना," तो म्हणाला, "ते कापसाचं... मला लागत होतं इथं. आत, लई खाली होतो मी. मला तेवढंच कळत होतं."

तिनं फ्रॉकच्या बाहीनं नाक पुसलं. "आता न्हाई झोपणार ना तसं?"

"न्हाई."

ती त्याच्याकडं बघत राहिली. ह्या वेळी तोंडाकडं. बराच वेळ. व्यंकटनं हात पुढं केला, तळवा उघडा ठेवून. "दे तो कापूस," तो म्हणाला. "आता काय करायचाय?"

ज्ञानेश्वरीनं मूठ उघडून कापसाकडं पाहिलं. घामानं आणि हाताळून तो मळला होता, बारीक झाला होता. तिनं तो बोटांनी पिंजून पुन्हा फुलवला.

"असू दे माझ्यापाशी," ती म्हणाली, आणि कंपासपेटी उघडून तिनं तो आत नीट ठेवला.